पोरगा रॅमसे बघतो आणि घरात सगळ्यांवर ओरडतो

पत्र:
नमस्कार ताई, मी नाशिकची. मुलगा हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सारखा त्या टीव्हीवरच्या शेफ गॉर्डन रॅमसेचे व्हिडिओ बघत असतो. खरं सांगायचं तर सुरुवातीला मीही शेजारी बसून बघायचे, तो माणूस शिव्या देतो आणि मध्येमध्ये बीप वाजतं त्यावर आम्ही दोघं हसायचो. पण आता घरातच ते चालू झालंय. मसालेभात एक घास खाऊन ताट सरकवतो, ‘रॉ आहे’ म्हणतो. गेल्या आठवड्यात पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या हातातली पोळी घेऊन ओट्यावर आपटली आणि इंग्रजीत काहीतरी बोलला. त्यांना शब्द कळले नाहीत, बाकी सगळं कळलं, दोन दिवस आल्या नाहीत. मिस्टर म्हणतात त्या लाइनमध्ये मिलिटरीसारखंच असतं, ओरडा खाल्ल्याशिवाय कोणी शेफ होत नाही. नणंद म्हणते असल्या शिवराळ माणसाला टीव्हीवर घेतातच कसे. मुलगा म्हणतो तुम्हाला काही कळत नाही, तो बेस्ट आहे. दोन महिन्यांनी त्याला ट्रेनिंगला मोठ्या हॉटेलात जायचंय. हा माणूस खरंच एवढा मोठा आहे की सगळं नाटक? आणि बघणं बंद करायला सांगू का?

उत्तर:
ताई, बाकी सगळं नंतर, आधी मावशींचं बघा. त्या परत आल्या असतील तर उद्या सकाळी, नसतील आल्या तर त्यांच्या घरी जाऊन, तुमच्या मुलाने स्वतः सॉरी म्हणायचं. तुम्ही नाही, मिस्टर नाहीत, आणि ‘लहान आहे हो, मनावर घेऊ नका’ म्हणत मध्ये पडायचं तर अजिबातच नाही. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेला पोरगा लहान नसतो. आणि त्या दोन दिवसांचा खाडा पगारातून कापू नका, हे सांगायची गरज नसावी पण सांगून ठेवते.

आता रॅमसे. मोठा आहे का, तर हो, आहे, आणि यात तुमच्या मुलाचं बरोबर आहे. जन्म १९६६ चा, स्कॉटलंडचा. आधी फुटबॉलर व्हायचं होतं, ग्लासगोच्या रेंजर्सकडे धडपड केली, गुडघ्याने दगा दिला आणि मग त्याने काय केलं माहितीये का, हॉटेल मॅनेजमेंटला ॲडमिशन घेतली. तुमच्या चिरंजीवांना हे नक्की पाठ असणार. त्यानंतर लंडनमध्ये मार्को पिअर व्हाइटच्या हाताखाली, मग अल्बर्ट रूकडे, मग पॅरिसला जाऊन गी सावॉय आणि जोएल रोबुशाँ, म्हणजे त्या काळातली सगळी दादा मंडळी, यांच्या किचनमध्ये तो राबला. १९९३ मध्ये लंडनच्या ऑबर्जीन या रेस्टॉरंटचा हेड शेफ झाला, तिथे दोन मिशेलिन स्टार मिळवले (मिशेलिन गाइड चांगल्या रेस्टॉरंटना देतं ते मार्कच समजा), १९९८ मध्ये चेल्सीतल्या रॉयल हॉस्पिटल रोडवर स्वतःच्या नावाचं रेस्टॉरंट काढलं आणि २००१ मध्ये तिथे तीन स्टार. मिशेलिनमध्ये तीनच्या वर काही नसतं. आणि ते तीन स्टार त्या रेस्टॉरंटने वर्षानुवर्षं टिकवलेत, जे मिळवण्याहून अवघड आहे, कारण इन्स्पेक्टर ओळख न देता येऊन जेवून जातात आणि कुठल्याही वर्षी एखादा स्टार काढून घेऊ शकतात.

हेल्स किचन, म्हणजे तो स्पर्धकांवर ओरडतो तो स्वयंपाकाच्या स्पर्धेचा शो, टीव्हीवर आलं २००४ मध्ये. म्हणजे क्रम बघा, आधी हात, मग तोंड. तुमचा मुलगा उलट्या बाजूने सुरू झालाय.

आता नणंदबाईंचं. त्या एकट्या नाहीत, असं म्हणणारे प्रेक्षक जगभर आहेत आणि प्रकरण पार संसदेपर्यंत गेलंय. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याच्या शोमधल्या शिव्यांवरून इतका आरडाओरडा झाला की तिथल्या सिनेटने टीव्हीवरच्या भाषेची चौकशी लावली. पुढच्याच वर्षी हा गडी मेलबर्नला एका फूड शोमध्ये स्टेजवर उभा राहून तिथल्या एका नावाजलेल्या टीव्ही अँकर बाईंबद्दल इतकं घाण बोलला की पंतप्रधान केव्हिन रड यांनीही त्याला जाहीर सुनावलं, मग त्याला माफी मागावी लागली. त्यात ना किचन होतं ना कच्चं चिकन, समोर कोणी चुकलेलंही नव्हतं, नुसता माज होता. मला तो माणूस बघायला आवडतो, पण हे विसरून आवडत नाही.

मग लोक बघतात का? तुम्ही हसत का होतात? त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाहीये ताई. किचन नाइटमेअर्स आठवून बघा. हा बंद पडत चाललेल्या हॉटेलात जातो, मालक म्हणतो आमचं सगळं फ्रेश, हा फ्रीज उघडतो आणि आत बुरशी, शिजवलेल्या चिकनला चिकटून कच्चं चिकन, तारीख नाही, झाकण नाही, आणि मग जो काही फुटतो तो. आपल्याला तिथे बरं वाटतं कारण आपण सगळ्यांनी कधी ना कधी पैसे मोजून शिळं खाल्लेलं असतं आणि काउंटरवरच्या माणसाने ‘असं होणारच नाही मॅडम’ म्हणून आपल्यालाच खोटं पाडलेलं असतं. आपल्या वतीने कोणीतरी ओरडतंय, याची ती मजा आहे.

आणि त्यात एक गोष्ट नीट बघितली तर दिसते, जी तुमच्या मुलाला दिसलेली नाही. त्या शोमध्ये तो जास्तीत जास्त ओरडतो मालकावर. वेट्रेसना, भांडी घासणाऱ्या पोराला, कोपऱ्यातल्या ज्युनियर कुकला बाजूला घेऊन साध्या आवाजात विचारतो, की काय चाललंय इथे, तुला हे खावंसं वाटेल का, आणि तीच माणसं त्याला खरं सांगतात, कारण त्यांना इतके दिवस कोणी विचारलेलंच नसतं. म्हणजे राग वरच्या माणसावर, ज्याच्या हातात हॉटेल आहे, पगार आहे, बदलायची पॉवर आहे. हेल्स किचनमध्ये उलटं, तिथे तोच सगळ्यात वर आणि राग सगळा खाली. तिथल्या स्पर्धकांना निदान काय होणार ते आधीपासून माहीत असतं, ऑडिशन देऊन, मोठ्या किचनमधली नोकरी जिंकायला आलेले असतात, काँट्रॅक्टवर सही असते. मावशींनी कुठे सही केली होती?

हाच फरक त्याच्या ट्विटरच्या धंद्यातही आहे बघा. लोक आपण केलेल्या पदार्थांचे फोटो स्वतःहून पाठवायचे आणि तो एका ओळीत इज्जत काढायचा. २०१७ मध्ये आपल्याकडच्या एकाने मेदूवडा, सांबार, चटणीचा फोटो पाठवून कसं वाटतं विचारलं, तर हा म्हणाला तुरुंगातून ट्विट करता येतं हे माहीत नव्हतं. ताट स्टीलचं होतं ना, खणांचं. यावर आपल्याकडे निम्मे लोक खो खो हसले आणि निम्मे चिडले की याला मेदूवड्यातलं काय कळतं. दोन्ही बरोबर आहे असं माझं मत. शेरा भारी होता आणि त्याला मेदूवड्यातलं कळलं नव्हतं हेही तितकंच खरं. पण ज्याने फोटो पाठवला तो बोलणी खायलाच गेला होता. तुम्ही मसालेभात करताना कोणाकडे मार्क मागितले नव्हते.

नाटक किती, हा तुमचा प्रश्न. सगळंच खोटं नाही, पण शिजवून वाढलेलं आहे. तासन् तास शूटिंग करायचं आणि कापून पाऊण तासाचा एपिसोड करायचा म्हटलं की शांतपणे शिकवलेलं सगळं उडतं आणि ओरडलेलं राहतं, साहजिकच. मुलाला एक काम सांगा, किचन नाइटमेअर्सचे इंग्लंडवाले जुने एपिसोड आणि अमेरिकेवाले एपिसोड लागोपाठ बघ म्हणावं. ब्रिटिशवाल्यात रॅमसे स्वतःच कॉमेंटरी करतो, मेनू छोटा करा, बाजारातून जवळचा माल आणा, भाव असे लावा, धंद्याचं बोलतो, मध्येच आचाऱ्याशी गप्पा मारतो. अमेरिकेवाल्यात प्रत्येक चमच्यामागे धडाम धडाम म्युझिक, तोच चेहरा तीन वेळा क्लोजअपमध्ये, ब्रेकच्या आधी कोणीतरी रडणार. माणूस तोच. आपल्या मालिकांमध्ये सासूच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा जातो तसलाच प्रकार आहे हा, आणि ते बघून घरातल्या सासूशी तसं वागायचं नसतं हे आपल्याला बरोबर कळतं, मग इथेच का कळत नाही कोण जाणे.

अजून गंमत सांगते. ते सगळ्यात फेमस मीम, एका बाईच्या दोन्ही कानांना ब्रेडचे स्लाइस लावून तो विचारतो तू कोण आणि ती रडवेली होऊन म्हणते इडियट सँडविच, ते हेल्स किचनमधलं नाहीच आहे. जेम्स कॉर्डनच्या लेट नाइट शोमध्ये २०१५ मध्ये केलेलं विडंबन आहे, समोरची बाई टीव्हीवरचीच, रॅमसे स्वतःच स्वतःची नक्कल करतोय. म्हणजे ज्या रागाची पोरं नक्कल करतात तीच मुळात नक्कल. तुमच्या मुलाला हे माहीत आहे का विचारा, बहुतेक नसेल, आणि त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तुम्ही जिंकाल.

बरं, या शोबद्दल कोणी तक्रारच केली नाही असंही नाही. २००७ मध्ये अमेरिकन किचन नाइटमेअर्सच्या सुरुवातीच्या सीझनमध्ये न्यूयॉर्कचं डिलन्स नावाचं हॉटेल होतं, त्याच्या मॅनेजरने केस ठोकली की शोमधल्या गोष्टी मुद्दाम रचलेल्या आहेत. ती पुढे लवादाकडे गेली. पण मला तो एपिसोड वेगळ्याच कारणासाठी आवडतो. ते हॉटेल भारतीय पदार्थ, अमेरिकन पदार्थ असं काहीही विकत होतं, रॅमसेने ते निव्वळ भारतीय केलं, नाव पूर्णिमा ठेवलं आणि मदतीला आणला आपला विकास खन्ना. तो तेव्हा एवढा फेमस नव्हता, मास्टरशेफ इंडियाचा जज नंतर झाला. खन्ना कसा बोलतो ते तुम्ही बघितलंच असेल, ज्याचा पदार्थ बिघडलाय त्याच्याशीसुद्धा हात जोडून. दोन टोकाची माणसं एकाच किचनमध्ये आणि दोघांनाही काम येतं. त्यामुळे ‘ओरडल्याशिवाय शेफ होत नाही’ हे मिस्टरांचं वाक्य तिथेच ढासळतं. आपल्याकडे तर संजीव कपूरांनी १९९३ पासून झी टीव्हीवर नुसतं हसत हसत अख्ख्या देशाला पनीर करायला शिकवलं, त्यांना कोणी आवाज चढवताना बघितलंय का?

मिस्टरांचं मिलिटरीवालं मात्र अर्धं खरं आहे, ते त्यांना सांगा म्हणजे बरं वाटेल. किचनमधली जी उतरंड असते, हेड शेफ, सू शेफ, खाली सेक्शनवाले, सगळ्यात खाली कॉमी, ती बसवली फ्रान्सच्या ऑगस्त एस्कॉफिएने, आणि तो १८७० च्या युद्धात फ्रेंच सैन्यात आचारी होता, तिथली शिस्त त्याने हॉटेलात आणली. पण हाच एस्कॉफिए किचनमध्ये आरडाओरडा आणि शिवीगाळ चालू देत नसे. मिस्टरांना शिस्तीचा भाग ऐकू आलाय, पुढचा नाही.

किचनमध्ये आवाज मोठा असतो, ते ट्रेनिंगला गेल्यावर मुलाला कळेलच. एक्झॉस्टची घरघर, भांड्यांचा खणखणाट, हातात उकळतं तेल घेऊन कोणीतरी पाठीमागून जाणार, मग ‘बिहाइंड’, ‘हॉट’ हे ओरडूनच सांगावं लागतं, नाहीतर कोणीतरी भाजेल. आठ जणांच्या टेबलाचं सगळं एकदम बाहेर गेलं पाहिजे, एकाचं स्टेक तयार आणि दुसऱ्याचा मासा अजून पॅनमध्येच असं चालत नाही, म्हणून वेळ ओरडून विचारतात आणि उत्तर ओरडून देतात. चिकन आतून गुलाबी निघालं तर कोणी दवाखान्यात जाऊ शकतं, तिथे शेफचा पारा चढला तर मी त्याच्या बाजूने आहे. पण हे ओरडणं कामावर असतं. ‘चिकन परत टाक’ आणि ‘तू गाढव आहेस’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि दुसऱ्या वाक्याने चिकन शिजत नाही.

दुसरं वाक्य येतं कुठून माहितीये? वरून. मार्को पिअर व्हाइटने रॅमसेला किचनमध्ये रडवलं होतं, हा किस्सा फेमसच आहे, आणि मार्कोचं त्यावर म्हणणं असं की मी नाही रडवलं, रडायचं त्याने स्वतः ठरवलं. वा रे वा. मग रॅमसेने पुढच्यांना रडवलं. ही साखळी कुणीतरी थांबवायची असते आणि काहींनी थांबवलीही. कोपनहेगनचं नोमा हे रेस्टॉरंट काढणारा शेफ रेने रेडझेपी, जगातल्या पहिल्या दोन-चारांत नाव घेतात त्याचं, त्याने २०१५ मध्ये चक्क लिहून कबूल केलं की मी माझ्या किचनमध्ये वर्षानुवर्षं गुंडासारखा वागलोय आणि हे बदलायला हवं. आणि रॅमसेच्याच घरातलं उदाहरण द्यायचं तर क्लेअर स्मिथ. त्याच्या त्या तीन स्टारवाल्या किचनची हेड शेफ होती, ते स्टार तिने सांभाळले, मग २०१७ मध्ये स्वतःचं ‘कोर’ नावाचं रेस्टॉरंट काढलं आणि २०२१ मध्ये त्यालाही तीन स्टार मिळवले. तिचं नाव निघालं की लोक तिच्या बटाट्याच्या डिशबद्दल बोलतात, शिव्यांबद्दल नाही. मुलाच्या फोनवर तिचा एक तरी व्हिडिओ आहे का बघा.

आणि खुद्द रॅमसेचंच घ्या ना. मास्टरशेफ ज्युनियरमध्ये आठ-दहा वर्षांची पोरं केक बिघडवतात तेव्हा हाच माणूस खाली वाकून, डोळ्यात बघून, काय चुकलं ते समजावतो. मास्टरशेफ अमेरिकेत क्रिस्टीन हा म्हणून दृष्टिहीन स्पर्धक होती, तिने ॲपल पाय केला होता आणि तिला वाटत होतं की वाट लागलीय, तर त्याने कसा दिसतोय त्याचं वर्णन करून सांगितलं, कडेवरून सुरी ओढून क्रस्टचा कुरकुरीत आवाज तिला ऐकवला. २०१२ चा तो सीझन तीच जिंकली. तो प्रसंग मी कितीही वेळा बघू शकते. पण त्याच्यामुळेच मला त्याचा जास्त रागही येतो, कारण याचा अर्थ त्याला जमतं. संताप अनावर होतो वगैरे काही नाही, बटण आहे, तो ठरवतो कोणासमोर दाबायचं. तुमच्या मुलाकडेही आहे ते बटण. कॉलेजच्या शेफसमोर त्याने कधी पोळी आपटली असेल असं वाटतं तुम्हाला? मावशींसमोर आपटली.

म्हणून बघणं बंद करू नका, एवढ्या मोठ्या पोराचं बंद करताही येत नाही, बाथरूममध्ये जाऊन बघेल. त्यापेक्षा शेजारी जाऊन बसा पूर्वीसारखं, आणि बघताना विचारत जा, की अरे तो चिडला ते राहू दे, त्याला बघता क्षणी कसं कळलं की स्कॅलप (तो शिंपल्यातला मांसल भाग) जास्त शिजलंय? तो सॉस का फुटला? पॅन तापायच्या आधी मासा टाकला तर नेमकं काय होतं? याची उत्तरं त्याला देता आली तर तो खरंच शिकतोय. नुसतं ‘इट्स रॉ’ येत असेल तर तो सर्कस बघतोय, आणि बघू दे, पण मग त्याला अभ्यास म्हणू नये.

मसालेभाताचं सोपं आहे. पुढच्या रविवारी त्यालाच करू द्या, घरातल्या सगळ्यांसाठी, नणंदेलाही बोलवा, एक वाजता पानं वाढली पाहिजेत. तोंडली चिरण्यापासून मसाला भाजण्यापर्यंत सगळं त्याचं, तुम्ही ओट्याजवळ फिरकू नका, मीठ किती विचारलं तरी सांगू नका. भात कसाही झाला तरी नावं ठेवू नका, नुसतं ताटात किती उरलं ते त्याला बघू द्या. आणि तुमच्या भातात खरंच काही कमी असेल तर त्याने कसं सांगायचं हेही ठरवून टाका, काय चुकलं आणि कसं सुधारायचं, दोन्ही सांगायचं, नाहीतर गपचूप जेवायचं.

ट्रेनिंगबद्दल त्याच्याशी आत्ताच बोला, कारण तिथे तो सगळ्यात खालचा असणार आहे. दिवसचे दिवस कांदे सोलणं, कोथिंबीर निवडणं, वॉक-इन फ्रीजमधले क्रेट उचलणं, आणि तिथे कोणीतरी त्याच्यावर ओरडणार हे नक्की. काम भरभर कर, परत कर, हे असं का कापलंस, हे ऐकून घ्यायचं आणि ‘येस शेफ’ म्हणून करायचं, त्यात अपमान काही नाही. आई-बहिणीवरून शिवी, हात उगारणं, गरम पॅन फेकणं, मुद्दाम चटका देणं, भाजलं तरी ड्युटी सोडू न देणं, हे मात्र ट्रेनिंग नाही, कुठल्याही मोठ्या शेफचं नाव घेऊन ते ट्रेनिंग होत नाही. असं काही झालं तर तारीख-वेळ लिहून ठेवायची, हॉटेलच्या एचआरला आणि कॉलेजच्या ट्रेनिंगवाल्या सरांना त्याच दिवशी कळवायचं, आणि घरी सांगायचं. हे शेवटचं मिस्टरांसमोर बोला आणि मिस्टरांच्या तोंडून वदवून घ्या, कारण बाप जर म्हणत असेल की ओरडा खाल्ल्याशिवाय शेफ होत नाही तर पोरगा भाजला तरी घरी फोन करणार नाही.

आणि शूज चांगले घेऊन द्या, न घसरणारे, पुढून कडक असलेले. बारा-बारा तास उभं राहावं लागतं आणि किचनची फरशी कायम ओली असते.